गुरांपुरता ठेकेदार

"कोन राहीन याच्यात?"

मोकळ्या जागेवर आले की ठेकेदार आधी चपला काढत, अनवाणी उभे राहत आणि हे विचारत. लांबी-रुंदी नंतर, लाकूड नंतर, चहासुद्धा नंतर. आमच्या आवारात आले तेव्हाही त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं.

"म्हशी राहतीन," मी म्हटलं. "तीन हायेत, अन् एक लहान वगार."

"तसं नाई. कोन कोन?"

मला कळेना. तेव्हा ते स्वतःच कडुनिंबाखाली बांधलेल्या म्हशींकडे गेले आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून विचारत राहिले. ही मारकी आहे का, हिचं आणि तिचं जमतं का, पाऊस आला की कोण बुजतं. मी सांगितलं, की भुरी कोणाला शेजारी उभं राहू देत नाही.

"मंग तिले कोपऱ्यात देऊ," ते म्हणाले. "काही बाया राह्यतेच तशा." आणि लगेच जीभ चावली. "तुमाले नाई म्हटलं, बाई."

मी हसले. नवरा गेल्यानंतर त्या अंगणात मी मोठ्यानं हसल्याची ती पहिलीच वेळ असावी. ओसरीवर बसलेल्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान वळवून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. त्यांना दिसत फार कमी होतं, पण ऐकू सगळं यायचं.

ठेकेदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस येतो, स्कूटरवाला, खिशाला दोन पेनं लावलेला, मजुरांवर ओरडणारा, तसे ते मुळीच नव्हते. उंच, किडकिडीत, खांद्यावर दुपट्टा, हत्यारांचं पोतं पाठीवर. मजूर असे नव्हतेच. लागले तर गावातले दोघं घ्यायचे, नाही तर एकटेच. तरी सगळे त्यांना ठेकेदारच म्हणत आणि पुढे लगेच सांगत, "गुरांचा ठेकेदार." का, ते मला मागाहून कळलं.

आमचं गाव वर्ध्याकडचं, गिरडच्या रस्त्याला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा नवरा काविळीनं गेला तेव्हा त्यानं नुकत्याच या म्हशी घेतल्या होत्या. कोठाही, म्हणजे त्यांचा गोठा, त्याच्या मनात पक्का होता. सागाच्या जाड बल्ल्या जमिनीत खोल पुरायच्या, वर टिनाचं छप्पर आणि बाजूंनी मोकळं, म्हणजे उन्हाळ्यात वारा खेळेल. दर दोन दिवसांनी आवारात काठीनं रेघा मारून मला दाखवायचा. तो गेला आणि म्हशी राहिल्या झाडाखाली. गावातली माणसं वाईट नव्हती. पण विधवा बाईशी दोन वाक्यांच्या वर बोलायचं काय, हे त्यांना सुचत नसे. दूध नेणारा माणूस आला की मी मुद्दाम माप सावकाश करायची, म्हणजे तो थोडा वेळ थांबेल.

कोठा बांधायला माणूस शोधताना मी जेवढी फिरले तेवढी आयुष्यात कधी फिरले नव्हते. हिंगणघाटच्या एका ठेकेदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, "घरच्या मानसाले पाठवजा, बोलतो." घरचा माणूस मीच आहे, असं मी म्हटलं तर तो माझ्या मागे दारात कोणी उभं आहे का ते पाहू लागला. वर्ध्याला गेले तर तिथले मिस्त्री सगळे बोरगाव मेघेकडे. तिकडे प्लॉट पडले होते, नोकरदारांची घरं उठत होती. एका मिस्त्रीनं विटांच्या थप्पीवर बसूनच विचारलं, "सिलॅप हाये का?" मी म्हटलं, गुरांचा कोठा आहे. तो हसला आणि विटांवर पाणी मारू लागला. एक जण मात्र आला. आवार पावलांनी मोजलं, चहा प्याला, चहाची तारीफ केली, परवा येतो म्हणाला. त्याचा परवा अजून उजाडायचा आहे.

शेवटी गुरांसाठी सरकीची ढेप विकणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, की वडनेरला एक आहे. "येईन तो. पन बाई, गुरांसाठी हाये म्हनूनच सांगजा. दुसरं काही बोलू नोका."

मी वडनेरला गेले तेव्हा ते एका शेतकऱ्याच्या नव्या कोठ्यात गव्हाणीला टेकून भाकर खात होते. बाजूला दोन बैल कुटार खात होते. तिघांचंही जेवण संपेपर्यंत मी थांबले. माझ्या मागे कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "येतो. जागा पाहून सांगतो."

आणि आले. कामाच्या दिवसांत ते आमच्याच आवारात राहिले, पुरलेल्या खांबांमध्ये, वर आभाळ. बल्ल्यांची टोकं विस्तवावर भाजून, डांबर फासून ते खड्ड्यात उतरवायचे आणि त्यांच्याशी भांडायचे. "उभे राहा ना नीट. लगनाले आल्यावानी काय वाकता?" एखादी बल्ली सरळ बसली नाही की, "ह्या जवायाले पाह्य, रुसला," म्हणून तिला पुन्हा वर काढायचे. मी ओसरीवरून ऐकायची. सकाळी उठल्यावर कोणाचा तरी आवाज कानावर पडावा, यात केवढं सुख असतं हे ज्याच्या घरात माणसं आहेत त्याला सांगून कळणार नाही.

संध्याकाळी ते मामाजींजवळ येऊन बसत. दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं होतं, कारण ते जवळजवळ नव्हतंच. मामाजी म्हणायचे, "हं." बऱ्याच वेळानं ठेकेदार म्हणायचे, "हो." मग दोघंही समाधानानं तंबाखू मळायचे.

काम जवळपास झालं होतं. आढं, म्हणजे छपराच्या मधोमध जाणारं मोठं लाकूड, चढलं होतं. टिनं तेवढी ठोकायची होती, आणि पावसाळा तोंडावर होता. मी सहज म्हटलं, "ठेकेदार, शेवटल्या खनात एक लहानशी खोली काढून द्या ना. म्हैस व्याले झाली म्हंजे मी तिथंच झोपत जाईन."

ते वर होते. हातोडा थांबला. खाली उतरले, दुपट्ट्यानं हात पुसले आणि विहिरीकडे गेले. जेवायला आले नाहीत. सकाळी पाहते तर हत्यारांचं पोतं बांधून कडुनिंबाला टेकवलेलं.

"चालले?"

"मानसासाठी मी बांधत नाई, बाई."

एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मी घाबरले. आभाळ भरून येत होतं, वर टिनं नव्हती, आणि दुसरा माणूस मिळणार नाही हे मला आता चांगलं माहीत होतं. पण खरं सांगते, त्या वेळी टिनांपेक्षा मला त्या आवाजाची काळजी वाटली.

"खोली नको," मी म्हटलं. "म्हशीच राहतीन. कोनी झोपनार नाई."

"कबूल?"

"कबूल."

त्यांनी पोतं सोडलं.

टिनं ठोकून झाली त्या दुपारी ते खाली सावलीत बसले आणि मी विचारलं नसताना बोलू लागले. माझ्याकडे नाही, समोरच्या खांबाकडे पाहत.

"माह्या हातानं बांधलतं घर. वादळात आढं खाली आलं. पोरगी झोपली होती. मी गेलतो हिंगणघाटले, लोखंड आनाले."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"लोक म्हनले, वारंच तसं होतं. असंन. दुसऱ्याइचीबी घरं पडली. पन तिच्या मायनं मले एक शब्द नाई म्हटला. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. भाकर वाढे, पानी दे. अन् एक दिवस भावाकडे गेली ते आलीच नाई."

"तुमी आनाले नाई गेले?"

"काय म्हनू जाऊन?"

भुरीनं तेवढ्यात नव्या गव्हाणीत तोंड घालून फुसकारा सोडला आणि ते उठून तिच्याकडे गेले.

पुढची दोन-तीन वर्षं ते येत राहिले. गिरडला जाता-येता, कधी काही कारण नसताना. "खांब पाहाले आलतो," म्हणायचे. एकेका खांबाला पाठ लावून उभे राहायचे, जोर द्यायचे, पुढच्या खांबाकडे जायचे. मामाजी ओसरीवरून "हं" म्हणायचे. मी चहा टाकायची. असा माणूस आपल्याकडे नुसते खांब पाहायला येत नाही हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पण मीही दर वेळी गंभीरपणे विचारायची, "हाये का ठीक?" आणि ते म्हणायचे, "सध्या तं हाये."

मग एका श्रावणात झड लागली. दिवसचे दिवस पाऊस, उघडीप नाही. आमच्या मातीच्या घराची मागची भिंत भिजत भिजत एका सकाळी बसली आणि तिच्यासोबत अर्धं छप्पर खाली आलं. आम्ही दोघं पुढच्या ओसरीवर होतो म्हणून वाचलो. शाळेत गावातली बरीच माणसं आधीच जाऊन राहिली होती आणि मामाजींना चिखलातून एवढं चालवत नव्हतं. शेजाऱ्यांनी त्यांची खाट उचलून कोठ्यात ठेवली. भुरीनं आश्चर्य म्हणजे जागा दिली. तीन विटा मांडून मी तिथंच चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. नाल्याला पूर होता, बस बंद होती. कुठून, कसे चालत आले देव जाणे. त्यांना घराचं काही ठाऊक नव्हतं, पावसात खांब पाहायला आले होते. कोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि चूल पाहिली, खाट पाहिली, मला पाहिलं.

"निघा," ते म्हणाले. "बाहेर निघा."

"घर पडलं, ठेकेदार."

"शाळेत जा."

"मामाजीले चालवत नाई."

"मी म्हशीसाठी बांधलं हे!" ते ओरडले. "म्हशीसाठी! कोनं राहा म्हटलं तुमाले?" त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. दुपट्ट्यातून पाणी गळत होतं. म्हशी उठून उभ्या राहिल्या.

मामाजी खाटेवरून म्हणाले, "टिनावर पानी वाजते न, लय चांगलं वाटते. बसा, ठेकेदार."

ते बसले नाहीत. मधल्या खांबाला पाठ लावून, हात मागे नेऊन त्यांनी तो धरला आणि वर आढ्याकडे पाहत उभे राहिले. वारा आला. टिनं खडखडली, आडोशाला कूड म्हणून लावलेल्या तुराट्या उडाल्या, पावसाचा सपकारा आत आला. ते हलले नाहीत. डोळे वर, ओठ घट्ट, पाय मातीत रोवलेले. मला वाटलं, आता हा माणूस पाऊस थांबेपर्यंत असाच उभा राहणार, आणि पाऊस तर थांबायचं नाव घेत नव्हता. मी भाकरी थापत राहिले. दुसरं काय करणार होते?

थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज येऊ लागला. मामाजी. तोंड उघडं, हात छातीवर, तान्ह्या पोरासारखे निवांत. ठेकेदारांची नजर पहिल्यांदा छपरावरून खाली आली.

"झोपले?"

"हो."

"खरंच झोपले?"

"घोरून राह्यले. तुमाले ऐकू नाई येत का?"

ते त्यांच्याकडे पाहत राहिले. वर पाऊस तसाच कोसळत होता, आणि खाली एक म्हातारा माणूस झोपला होता. पाहता पाहता ते त्याच खांबाला घासत सावकाश खाली आले आणि जमिनीवर बसले. तोंडावरून दुपट्टा फिरवला. बराच वेळ तो तोंडावरच धरून ठेवला.

"भाकर हाये का, बाई?" दुपट्ट्याआडूनच विचारलं.

झड संपल्यावर आमची मागची भिंत त्यांनीच उभी केली. मी चिडवलं, "ठेकेदार, हे मानसाचं घर हाये." तर म्हणाले, "मी भिंतच घालून राह्यलो. छप्पर तुमचं जुनं हाये."

पोळ्यानंतर एक दिवस धुतलेला सदरा घालून आले. चहा प्यायले नाहीत. म्हणाले, "बाई, माह्यासंग येता का? पोरीच्या मायच्या गावाले. तुमी सांगा तिले, का माह्या कोठ्यात मानसं राह्यली म्हनून. माह्यानं नाई होनार."

आम्ही बसनं गेलो. गावाच्या फाट्यावर उतरलो तसे ते बाभळीखाली थांबले. एक पाऊल पुढे आले नाहीत. मी विचारत विचारत घर काढलं. अंगणात एक बाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी कोण, कुठली, कोठा कोणी बांधला, झडीत काय झालं, सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं नाही. माझं सांगून संपलं तरी ती पाखडत होती.

मग म्हणाली, "म्हातारा झोपला होता?"

"घोरत होता."

सूप मांडीवर टेकलं. "त्याइले भाकर कोन करून देते?"

"स्वतःच करते."

ती आत गेली, जवसाची चटणी फडक्यात बांधून आणली, माझ्या हातात दिली. निरोप काही दिला नाही. मी मागितलाही नाही.

फाट्यावर त्यांनी फडकं नाकाशी नेलं आणि म्हणाले, "जवसाची." परतीच्या बसमध्ये ते पुडकं दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. माझ्या आधी त्यांना वडनेरच्या बाजूला जायला बस बदलायची होती. ते उतरलेच नाहीत. कंडक्टरनं दोनदा ओरडून सांगितलं, लोक हसले, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी आमच्या गावापर्यंत आले, मामाजींना "हो" म्हणाले आणि दुसऱ्या बसनं गेले.

मला वाटलं, आता जातील. आले की मी विचारायची. "दिवायी झाली म्हंजे जाईन," म्हणायचे. दिवाळी गेली. "तूर निघाली म्हंजे जाईन." तूर निघाली. मग मी विचारणं सोडलं, कारण विचारलं की ते खांब न पाहताच निघू लागले.

तो हिवाळा मामाजींचा शेवटचा ठरला. ठेकेदार तेराव्याला आले, ओसरीवरच्या त्यांच्या जागेशेजारी बसले, बऱ्याच वेळानं आपणच "हं" म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचं येणं थांबलं. कामात असतील, असं मी धरून चालले. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात ढेपेच्या दुकानाशी एक शेतकरी भेटला, वडनेरकडचा. दुकानदारानं त्याला माझ्याकडे बोट करून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्या पाहन्यात कोनी ठेकेदार हाये का? माह्या कोठ्याचे खांब उभे हायेत, छप्पर राह्यलं. आमचा गुरांचा ठेकेदार दुपारी जेवून खांबाखाली आडवा झाला, तो उठलाच नाई."

मी त्याला म्हटलं, माझ्या पाहण्यात कोणी नाही. ढेप न घेताच घरी आले.

आणि मग ती आली. दिवाळीनंतरची दुपार होती, म्हशी चरायला गेल्या होत्या. फाटकात एक बाई उभी, हातात पिशवी. मी ओळखलं, जवसाची चटणी देणारी तीच. पाणी दिलं. तिनं ते पिऊन भांडं पालथं ठेवलं आणि कोठ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी तिकडे गेलो. तोंडाशी ती थांबली. मला वाटलं, आत यायची नाही.

"कुठं झोपला होता म्हातारा?"

मी जागा दाखवली. ती आत आली. पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि त्या जागी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली. उताणी. हात दोन्ही बाजूंना. डोळे उघडे, वर आढ्याकडे.

मी खांबाशी उभी राहिले, मग मलाच अवघडल्यासारखं झालं म्हणून बाहेर येऊन बसले. ऊन कलत गेलं. टिनांवर चिमण्या नाचल्याचा आवाज येत होता. आत काही हालचाल नव्हती. मी एकदा डोकावून पाहिलं, तर डोळे मिटले होते. श्वास सावकाश चालला होता.

दिवस मावळायला म्हशी परत आल्या, भुरी पुढे. सवयीनं त्या सरळ कोठ्याकडे निघाल्या. मी धावत जाऊन दोन्ही हात पसरले आणि त्यांना बाहेरच अडवून धरलं.